नाक्याच्या अलीकडे

गुरुवार, ४ ऑक्टोबर २०१८

नवी वही सुरू केली. जुनीत तीस पानं कोरी आहेत, पण ती उघडली की गेल्या वर्षीचं अपयश आधी डोळ्यांपुढे येतं, म्हणून ती कपाटात.

यंदाची बारा मुलं ठरली. आमच्या कॉलेजच्या ‘सेतू’ कार्यक्रमाचं काम सांगायला सोपं आहे. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही अशा हुशार पोरांना हाताशी धरायचं, प्रयोगशाळेत बसवायचं, अर्ज लिहायला शिकवायचं आणि पीएचडीच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. अकरा वर्षं हेच करतेय. एकशे तीस मुलांपैकी त्या दारातून आत गेली नऊ. बाकीची इथेच, व्हॅलीत, म्हणजे देशाच्या सरहद्दीवरच्या नदीकाठच्या पट्ट्यात. कुणी शाळेत शिकवतं, कुणी औषधाच्या दुकानात उभं असतं. बाजारात भेटली की ‘मिस कांतू’ म्हणून गळ्यात पडतात. मला आधी राग येतो, मग रागाची लाज वाटते.

या वर्षी माझी सगळी भिस्त नायेलीवर आहे. एकवीस वर्षांची, वडील वारलेले, आईची एकुलती एक. इथल्या ग्रेपफ्रूटच्या बागांना रोग लागलाय, पानं पिवळी पडतात आणि चार-पाच वर्षांत झाड जातं. तो रोग पानावरून पानावर नेणारा एक तिळाएवढा किडा आहे. त्याच्या पोटात काय चालतं, ते ही पोरगी बघते. असं डोकं मला अकरा वर्षांत दोनदा भेटलं, आणि पहिल्या खेपेला मी ते हातचं घालवलं.

मुली का जात नाहीत यावर माझं मत पक्कं आहे. आया सोडत नाहीत. आमच्याकडची आई दारात उभी राहून हो म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते. त्या रडण्यापुढे कुठलं विद्यापीठ टिकणार? मला विचारा. १९८८ साली मला रसायनशास्त्र शिकायला ऑस्टिनला जायचं होतं. आईने अडवलं. विषय संपला.

म्हणून आज बैठकीत कल्पना मांडली. नोव्हेंबरात सॅन अँटोनियोला विद्यार्थ्यांची संशोधन परिषद आहे, तिथे या वेळी मुलांबरोबर आयांनाही न्यायचं. कॉलेजची बस करायची. आपलं लेकरू कोट घालून पोस्टरपुढे उभं आहे आणि पिकल्या केसांचे प्राध्यापक त्याला प्रश्न विचारताहेत, हे आईने एकदा डोळ्यांनी बघितलं की अर्धी लढाई जिंकली.

कार्यक्रमाचे प्रमुख, आमचे साहेब, म्हणाले, “हर्लिंडा, हे इतकी वर्षं का नाही सुचलं आपल्याला?”

“आपल्याला नाही, मला सुचलंय,” मी म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

नायेलीची विद्यापीठांची यादी आली. आठ नावं मागितली होती. तीन आली, तिन्ही व्हॅलीतली, घरापासून तासाभराच्या आत.

“पोरी, यातल्या दोन ठिकाणी तुझ्या विषयाची पीएचडीच नाही.”

“तिसऱ्या ठिकाणी आहे, मिस.”

“तिसऱ्या ठिकाणी सुरू होणार, सुरू होणार, असं सहा वर्षं ऐकतेय मी.”

ती भिंगाखाली किडे मोजत होती. डोळा न हलवता म्हणाली, “आई एकटी पडेल.”

“आई येतेय ना बसने सॅन अँटोनियोला? बघू दे तिला.”

“आईला गाडी लागते.”

“पुढची सीट देते.”

तिने एक आकडा लिहिला, खोडला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. अशी ती चुकत नाही कधी. ताण आलाय पोरीला.

शनिवार, २० ऑक्टोबर

नायेलीच्या घरी जाऊन आले. शहराबाहेरची वस्ती, रस्त्याला डांबर नाही. नवऱ्याने हयात असताना एकेक खोली वाढवत बांधलेलं घर. प्रत्येक खोलीची खिडकी वेगळ्या मापाची, पण काचा लख्ख. आई मिनेर्वा, जिला सगळे मानाने दोन्या म्हणतात, मक्याच्या पानात उकडलेले तामाले करून विकते. बुटकी, पाठीचा कणा ताठ, हसताना तोंडावर हात ठेवते. मला बसवलं, कॉफी दिली, आणि मी पोस्टरबद्दल बोलायला लागले तर डोळे असे चमकले की मला वाटलं, हिला पटवायचं काही कामच नाही.

मग बसचं काढलं.

“माझा गुडघा, मिस,” ती म्हणाली.

“पुढची सीट आहे. पाय लांब करून बसा.”

“शनिवारी ऑर्डरी असतात.”

“त्या शनिवारच्या सगळ्या मी घेते. बसमध्येच वाटू.”

“कुत्र्याला कोण बघणार?”

दारात कुत्रं झोपलं होतं. स्वतःचं शेपूटही बघत नसावं ते. नायेली चुलीपाशी पाठमोरी उभी होती, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. निघताना दोन्या मिनेर्वाने हळूच विचारलं, “बस कुठल्या रस्त्याने जाते, मिस?”

मला हसूच आलं. उत्तरेला जायला रस्ते दोन, आणि दोन्हींवर नाका. “दोन्हीकडून सारखंच,” मी म्हटलं. “नाक्यावर दहा मिनिटं जातात, बाकी रस्ता सरळ.” आम्हां व्हॅलीतल्यांना त्या नाक्याचं काय कौतुक? सरहद्द मागे सत्तर मैलांवर राहिलेली असते, तरी सरकार पुन्हा एकदा विचारून घेतं. माझे खापरपणजोबा इथे आले तेव्हा नदी नुसती नदी होती, सरहद्द नव्हती. काच खाली करायची, शिपाई विचारतो ‘नागरिक?’, हो म्हणायचं, पुढे जायचं.

घरी येताना गाडीत विचार करत होते. एक सबब असली तर ती अडचण असते. तीन असल्या तर नकार असतो. गोड बोलून नकार. माझी आई अशीच होती.

गुरुवार, १ नोव्हेंबर

सात आयांनी नावं दिली. एका बाईने तर विचारलं की नवी चप्पल घेऊ का. दोन्या मिनेर्वाचं नाव नाही.

मला राहवलं नाही. ऑफिसातूनच फोन लावला. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण बोलले ते खरं होतं. म्हटलं, “दोन्या मिनेर्वा, मी खूप आया पाहिल्यात. लेकीवर माया आहे म्हणता आणि तिचे पाय बांधून ठेवता. ती यादीत तीनच नावं लिहिते, ती तुमच्यामुळे. एक दिवस, फक्त एक दिवस तिच्यासाठी काढता येत नाही तुम्हाला?”

 मग म्हणाली, “तुमचं बरोबर आहे, मिस.”

शुक्रवार, २ नोव्हेंबर

आई येतेय! नायेलीने सकाळी येऊन सांगितलं. मी टाळी वाजवली. ती हसली नाही. म्हणाली, “मिस, कॉलेजच्या बसमध्ये चढून बघतात का हो?”

“कोण?”

“कुणी नाही,” म्हणाली आणि गेली.

साहेबांना सांगितलं, शहाण्याला शब्दाचा मार. दिवसभर स्वतःवर खूश होते.

रविवार, ११ नोव्हेंबर

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहू की नको, यात सकाळ गेली. लिहिते.

पहाटे पाचला बस निघाली. दोन्या मिनेर्वा निळा झगा घालून आली, चर्चला घालते तो असावा. हातात टोपलं, त्यात फडक्यात गुंडाळलेले सत्तर गरम तामाले. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. इतर आया मागे हसत-खिदळत होत्या, कुणीतरी गाणं लावलं. ही मांडीवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मी विचारलं, मळमळतंय का? म्हणाली, नाही, मिस. मी आपली तिला परिषद कशी असते ते सांगत होते. तासभर सांगत होते. नाकाने कांदे सोलायची हौस फार मला.

नाक्याच्या अलीकडे बारा मैलांवर शेवटचा थांबा आहे. पेट्रोल पंप, संडास, झाडाखाली दोन बाकं. सगळी उतरली, सगळी चढली. दोन्या मिनेर्वा नाही. नायेली एकटीच दारात आली, तोंड पांढरंफटक.

“आईला बरं नाही. मी तिच्याबरोबर थांबते. तुम्ही जा, मिस.”

“आणि पोस्टर?”

“दुसरं कुणीतरी उभं राहील.”

माझं डोकंच फिरलं. तिथवर येऊन शेवटच्या क्षणी हे नाटक! दणदण पावलं टाकत पंपाच्या मागे गेले. बाकावर ती बसली होती, टोपलं मांडीवर घेऊन. मला बघून उठली. माफी मागायला उठावं तशी.

“मिस, मला वाटलं होतं जमेल,” ती म्हणाली. “म्हटलं, कॉलेजची बस आहे, शिकलेली माणसं आहेत, आत चढून कोण विचारतंय. पण नाक्याची पाटी दिसली आणि पाय उचलेना. मी नाक्यापर्यंतच आहे, मिस. बावीस वर्षं इथेच आहे. नाक्याच्या अलीकडे.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्याकडे कागद नाहीत. गुडघा, ऑर्डरी, कुत्रं, आणि बस कुठल्या रस्त्याने जाते. नाक्यावरचा शिपाई ‘नागरिक?’ म्हणून विचारेल आणि ती काय सांगेल? तिला तिथेच उतरवतील आणि रात्रीच्या आत नदीपलीकडे नेऊन सोडतील, लेकीच्या डोळ्यांदेखत. आणि तिला तिथवर ओढून आणली कुणी? मी. फोनवर. पाय बांधून ठेवता म्हणून.

 मागून नायेली आली. म्हणाली, “चल आई, आपण मामांना फोन करू.”

“तू चढ,” आई म्हणाली.

“मी नाही जाणार.”

“चढ म्हटलं ना? मी इथवर काय पंप बघायला आले?” आणि मग मऊ आवाजात, “जा ग. सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी.”

मी म्हटलं, “नायेली, तू जा. मी थांबते आईजवळ.” बस ड्रायव्हरला आणि बाकीच्यांना सांगितलं की माझं पोट बिघडलंय, मी नंतर येईन. खोटं बोलायला मला एरवी जमत नाही, काल सहज जमलं. नायेली चढली. खिडकीतून बघत राहिली, आम्ही दिसेनाशा होईपर्यंत.

माझ्या भावाला, चुयला, फोन केला. त्याला यायला दोन तास लागणार होते. दक्षिणेकडे परतताना कुणी अडवत नाही, पण पंपावर पोलिसांच्या गाड्या पेट्रोल भरायला थांबतात. एक आली तेव्हा मी दोन्या मिनेर्वाचा हात हातात घेतला आणि बहिणीशी बोलावं तसं मोठ्याने बोलायला लागले, कुठल्याशा लग्नाबद्दल.  गाडी गेली. मग आम्ही तामाले खाल्ले. दुसरं काय करणार?

मी म्हटलं, “पोस्टर तुम्हाला बघता आलं नाही. मी समजावून सांगू का त्यात काय आहे?”

ती हसली, तोंडावर हात ठेवून. म्हणाली, “मला पाठ आहे, मिस. रोज रात्री भांडी घासताना माझ्यापुढेच तर उभी राहते.” आणि तिथे बाकावर बसून, गाड्यांच्या आवाजात, तिने ते सगळं म्हणून दाखवलं. दोनशे चाळीस किडे. त्यांतले अर्धे रोगी झाडावर ठेवलेले, अर्धे निरोगी. जंतू पोटात किती दिवस राहतात, थंडीत काय होतं, कोवळ्या पालवीवर काय होतं. मध्येच थांबायची आणि सांगायची, “इथे ती श्वास घेते, पुढचा शब्द अवघड आहे ना.” आणि तो शब्द बरोबर म्हणायची. शेवटी म्हणाली, “आणि मग ती म्हणते, काही प्रश्न असतील तर विचारा. विचारा की, मिस.”

मी एक प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. ते बरोबर होतं की नाही, मला कळलं नाही.

मग तिने मला विचारलं, “तुमच्या आईने का अडवलं होतं तुम्हाला?” मी तिला बसमध्ये हेही सांगून बसले होते. मी म्हटलं, अडवलं म्हणजे काय, ती म्हणाली, तू गेल्यावर मला दवाखान्यात कोण नेणार? “आणि मग?” मग काय, मी बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. “त्याच दिवशी?” हो, त्याच दिवशी.  कशाला लिहिलं हे मी इथे, त्याचा कालच्याशी काही संबंध नाही.

सोमवार, १२ नोव्हेंबर

नायेलीला बक्षीस नाही. पण मिनेसोटाच्या एक बाई, प्राध्यापक हॅल्वर्सन, तिच्या पोस्टरपुढे चाळीस मिनिटं उभ्या होत्या. जाताना कार्ड दिलं आणि मागे लिहिलं, ‘अर्ज कर.’ इतर मुलांनी सांगितलं. ती स्वतः काहीच बोलली नाही.

आणखी एक काम केलं. मागची सगळी पानं नव्याने उतरवून जुनी फाडून जाळली. मिनेर्वा तिचं नाव नाही. नायेलीचंही नायेली नाही. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

बुधवार, १४ नोव्हेंबर

जुन्या फायली काढल्या. जी मुलं पुढे गेली नाहीत त्यांच्या नावापुढे कारण लिहावं लागतं, अनुदान देणाऱ्यांना हवं असतं. माझ्या अक्षरात चव्वेचाळीस नावांपुढे ‘घरचा विरोध’.

चव्वेचाळीस. त्यांतल्या किती घरांत गुडघा दुखत होता, किती घरांत कुत्रं होतं, मी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे कागदांबद्दल विचारत नाहीत, ही रीत आहे, आणि चांगली रीत आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगावं लागत नाही. पण मी न विचारण्यावर थांबले नाही. मी उत्तरही स्वतःच लिहून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकत आले अकरा वर्षं.



शनिवार, ८ डिसेंबर

दोन्या मिनेर्वाने तामाले करायला बोलावलं. नाताळच्या ऑर्डरी आहेत म्हणाली, हात कमी पडतात. गेल्यावर कळलं की हात पुरेसे होते, तिला साक्षीदार हवा होता.

तिघी टेबलाभोवती. मी मक्याच्या पानांवर पीठ पसरत होते, वाईट पसरत होते. आईने खाली बघतच म्हटलं, “मिस, त्या मिनेसोटाच्या अर्जाची तारीख कधीची?”

“पंधरा डिसेंबर.”

“हिने भरला नाही.”

नायेली म्हणाली, “मी भरणार नाही. मी सांगितलंय तुला.”

“का ते मिसना सांग.”

“सगळ्यांना माहितीये का ते. मी तिकडे गेले तर तू कधी बघायला येणार मला?”

“नाही येणार,” आई म्हणाली. सरळ, भाव सांगावा तशी. “वकिलाने सांगितलंय ना, कागद हवे असतील तर आधी पलीकडे जायचं आणि दहा वर्षं थांबायचं. मी जात नाही. म्हणजे येणारही नाही.”

“आणि मी तिकडे असताना तुला उचललं तर?”

“तू इथे असलीस तर सोडतील?”

नायेलीच्या हातातलं पान फाटलं. आईने दुसरं दिलं. म्हणाली, “ऐक. तू गेलीस तर वर्षातून दोनदा येशील, मी तुला बघीन. तू नाही गेलीस तर रोज दिसशील, आणि रोज मला दिसेल की तू माझ्यामुळे गेली नाहीस. ते माझ्याच्याने बघवणार नाही. नदी ओलांडली तेव्हा तू माझ्या पोटात होतीस ग. मी काय नाक्यापर्यंत पोचायला निघाले होते?”

 नायेली रडत होती आणि तिचे हात काम करत होते. मला वाटलं, आता आपण उठून जावं, पण माझ्या बोटांना पीठ लागलेलं आणि दार तिच्या पाठीमागे.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “मी रोज संध्याकाळी फोन करीन त्यांना. एक दिवस उचलला नाही की गाडी काढून येईन. माझं घर वीस मिनिटांवर आहे आणि मला दुसरं कुणी नाही.”

“बघ,” आई म्हणाली. “आणि पोचवायलाही मिसच जातील. माझ्या जागी. जाल ना?”

मी हो म्हटलं. मग तिने माझी पीठ पसरलेली पानं गोळा केली आणि सगळी पुन्हा नीट केली.

शुक्रवार, १४ डिसेंबर

अर्ज गेला. निबंधात ‘आम्ही’ फार आलंय, आम्ही मोजले, आम्हाला दिसलं. एरवी मी असल्या वाक्यांवर लाल शाई ओतते. मुलाखतवाल्यांना ‘मी’ लागतं. या वेळी विचारलं, हे आम्ही म्हणजे कोण? म्हणाली, “मी आणि आई. रात्री मी आकडे वाचायचे, ती लिहून घ्यायची.” राहू दिलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी २०१९

मुलाखतीला गेली. तिकडे शून्याखाली वीस. माझ्या कोटाची बाही तिला कोपरापर्यंतच येते, पण कोट जाड आहे.

सोमवार, १५ एप्रिल

आज शेवटचा दिवस होता. मिनेसोटाने महिन्यापूर्वीच प्रवेश दिला, फी माफ, वर दरमहा राहण्याजोगे पैसे. तरी ती रोज उद्या म्हणत होती. मी एकदाही टोचलं नाही. माझ्या जिभेला किती कष्ट पडले ते मलाच ठाऊक.

दुपारी दोनला माझ्या ऑफिसात आली, माझ्याच संगणकावर होकार पाठवला आणि लगेच आईला फोन लावला. मला ऐकू येत होतं. आईने विचारलं, “झालं?” ही म्हणाली, “झालं.”  मग आई म्हणाली, “येताना मीठ घेऊन ये. संपलंय.”

शुक्रवार, १६ ऑगस्ट

उद्या निघायचं. आईने मला पाच प्रश्न लिहून दिलेत, मोठ्या अक्षरात, पिठाच्या पुड्याच्या कागदावर. खिडकी उघडते का. ताप आला तर शेजारी कोण. बर्फात कपडे कुठे वाळवायचे. किडे ठेवतात ती खोली गरम असते का, की ही कुडकुडत मोजणार. आणि त्या हॅल्वर्सन बाई हसतात का.

मी सुचवलं, शेवटच्या थांब्यापर्यंत चला आमच्याबरोबर. पंपावरून निरोप देऊ. मान हलवली तिने. “लेकीला दारातून पाठवतात, मिस. पंपावरून नाही.”

मंगळवार, २० ऑगस्ट. मिनेसोटा

पोचलो. अडीच दिवस गाडी. चुयच्या गाडीचा एसी ओक्लाहोमात गेला, त्यावर एक अख्खं पान लिहिता येईल, लिहीत नाही.

खिडकी उघडते, पण अर्धीच. शेजारच्या खोलीत घानाची एक मुलगी आहे, तिने पहिल्याच दिवशी भात आणून दिला, म्हणजे तापाची सोय झाली. कपडे तळघरात मशीनमध्ये वाळतात. किड्यांची खोली आमच्या व्हॅलीसारखी आहे, गरम आणि दमट, आत ग्रेपफ्रूटची रोपं. नायेली तिथे शिरली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली.

हॅल्वर्सन बाई हसतात. उंच, हडकुळ्या, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “तुम्ही आई ना? किती लांबून आलात.”

मी तोंड उघडलं, पण नायेलीच बोलली. “नाही. या मिस कांतू. आई घरी आहे. माझं सगळं काम आधी ती ऐकते.”

“मग पदवीदानाला नक्की बोलवायचं हं तिला,” बाई म्हणाल्या.

नायेली म्हणाली, “सांगते तिला.” आणि रोपांची पालवी उलटून बघायला लागली. मला बाईंचा राग आला नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर तिथलीच.

सोमवार, २६ ऑगस्ट

आज संध्याकाळी दोन्या मिनेर्वाकडे गेले. तिने कॉफी ठेवली आणि समोर बसली, हात मांडीवर. मी कागद काढून पाचही उत्तरं वाचली. भाताचं ऐकून खूश झाली, कुठल्या तांदळाचा ते विचारलं, मला सांगता आलं नाही. पदवीदानाचं मी गाळलं. तिने बघितलं माझ्याकडे, कळलं असावं, विचारलं नाही.

कप उचलायला उठले तर म्हणाली, “आणि नाका?”

“नाका काय?”

“तिला काय विचारलं?”

“नेहमीचंच. नागरिक? म्हणून.”

“मग?”

“ती हो म्हणाली. शिपाई म्हणाला, जा. आम्ही गेलो.”

“मागे वळून बघितलं तिने?”

“नाही. पुढे बघत होती. नंतर बरीच रडली, पण नाका ओलांडल्यावर.”

“किती वेळ लागला, मिस?”

मी विचार केला. खोटं सांगावं, रांग होती म्हणावं, दहा मिनिटं लागली म्हणावं, असं मनात येऊन गेलं. मग खरं तेच सांगितलं. “पाच सेकंद.”

तिने मान हलवली. तोंडावर हात नव्हता. मग खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि म्हणाली, “परत सांगा. घराच्या दारापासून सांगा.”